सपाट तळ की व्ही तळ? पुण्याजवळच्या पाण्यासाठी पहिली मोटरबोट निवडताना

पुण्यात बोट घ्यायची म्हटलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "कुठं, मुठेत सोडणार?" हसू द्या. पुण्याला समुद्र नाही, पण पाण्याला तोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर आहेत, आणि सोलापूर रस्त्यानं तास-दोन तास गेलं की उजनीचा अफाट फुगवटा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून पाण्याचा अभ्यास चाललाय, बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यात लाटा सोडतात. लाटा पुण्याच्या ओळखीच्याच आहेत.

अडचण वेगळीच असते. पहिली बोट घेणारा माणूस रंग, खुर्च्या, इंजिनावरचा आकडा बघतो आणि तळ बघतच नाही, कारण तळ पाण्याखाली असतो. इंग्रजीत त्याला हल म्हणतात. मराठीत हल म्हणजे नांगर, आणि बोटीलाही नांगर असतोच. गोंधळ नको, म्हणून मी सरळ ‘तळ’ म्हणतो.

आमच्यापुढे दोन बोटी होत्या. मी आणि माझा मेव्हणा, दोघांत मिळून एक घ्यायची असं ठरलेलं. पहिली १४ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, सपाट तळाची. हिला जॉन बोट म्हणतात. दिसायला चौकोनी, भाजीच्या क्रेटसारखी. दुसरी १६ फुटी, फायबरची, व्ही तळाची, पुढं निमुळती, काच आणि स्टिअरिंग असलेली. मेव्हण्याचं मन दुसरीवर आणि माझं पहिलीवर. महिनाभर वाद घातला. त्या वादात जे कळलं ते पायरी पायरीनं सांगतो.

पहिली पायरी: बोट नंतर, पाणी आधी

कुठल्या पाण्यात चालवणार हे कागदावर लिहा. "बघू, कुठंही नेऊ" हे उत्तर नाही. खडकवासल्यात एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बाजूला, पीकॉक बेमध्ये शिडाच्या होड्या दिसतात, त्या बघून अनेकांना वाटतं की आपणही जाऊ. ती प्रबोधिनीची जागा आहे, आणि खडकवासला हे पुण्याचं पिण्याचं पाणी आहे. पवना पिंपरी-चिंचवडला पाणी देतं. अशा धरणांत आपली पेट्रोलची मोटर उतरवता येईल असं धरून चालू नका. बहुतेक धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, मुळशी टाटा पॉवरचं. ज्याचं पाणी त्याच्याकडे आधी लेखी विचारा. तोंडी "चालतंय की" म्हणणारा माणूस हरकत आली त्या दिवशी भेटत नाही.

आमच्या कागदावर उजनी आली. तिचं सरकारी नाव यशवंतसागर. आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर फिरतो. उजनी हे एकच पाणी नाही. दिवाळीच्या सुमारास भरलेल्या उजनीत पलीकडचा काठ धूसर दिसतो. मे महिन्यात तीच उजनी ‘उणे’ टक्क्यांत जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागतो, आणि मग गाळाची मैदानं, जुन्या वाड्यांचे पाये, बाभळीचे बुंधे वर येतात. पळसदेवचं बुडालेलं देऊळ पाणी फार उतरलं की बाहेर येतं, ते बघायला लोक गर्दी करतात. ते लोक देऊळ बघतात, बोटवाल्यानं त्याच्या आसपासचे दगड बघावेत. पाणी चढल्यावर ते कुठंही जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात.

आपल्या पाण्याविषयी तीन गोष्टी तिथल्या भोई-कोळी मंडळींना विचारा: वारा कधी सुटतो, कुठून सुटतो, आणि जाळी कुठं लावलेली असतात. चहा पाजून विचारा, पण विचारा.

दुसरी पायरी: तळ समजून घ्या

घरात परात आणि विळा असेलच. भरल्या टबात परात ठेवा. तरंगते, कडेला बोटानं दाबलं तर थोडी कलते आणि परत सरळ होते. आता परात उचलून पाण्यावर आडवी आपटा. हाताला झिणझिण्या येतील. विळ्याचं पातं त्याच पाण्यात मारा, काहीच कळणार नाही, पण पातं काही तरंगत नाही. बोटीच्या तळाचा निम्मा सिद्धांत एवढाच आहे.

सपाट तळ म्हणजे परात. पाण्यावर पसरून बसतो, म्हणून कमी पाण्यात तरंगतो. दोन माणसं आणि सामान घेऊन आमची १४ फुटी जेमतेम १०–१५ सेंटिमीटर बुडते. उभं राहून गळ टाकता येतो, कॅमेरा लावता येतो. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजचा रेगाटा (होड्यांचा सोहळा) ज्यांनी बघितलाय त्यांना पंट आठवेल: रुंद, सपाट, माणसं तिच्यात उभी राहतात. त्याच पाण्यावरून जाणाऱ्या लांब, अरुंद शेलमध्ये मात्र उभं राहायचा प्रयत्नही कोणी करत नाही.

पण परातीचा स्थिरपणा फसवा असतो, आणि हे दुकानदार सांगत नाही. सपाट तळाची बोट थोडं कलणं सहज सोसते, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. तिचा काठ मात्र बहुधा बुटका असतो. एका मर्यादेपलीकडे काठावरून पाणी आत आलं की ते सपाट तळावर मोकळं इकडून तिकडे धावतं, खालच्या बाजूला जमतं, आणि बोट आणखी कलते. सावध करणारी पायरी मधे नसते.

व्ही तळ म्हणजे विळा. मागच्या पाटीशी, जिथं इंजिन लावतात त्या ट्रान्समपाशी, तळाचा उतार किती अंशांचा आहे हे विचारा. याला डेडराइज म्हणतात. शून्य म्हणजे सपाट, १२ ते १८ म्हणजे मध्यम, २० च्या पुढं म्हणजे खोल व्ही. उतार जितका जास्त तितकी लाट कापली जाते आणि पाठीला धक्के कमी. पण उतार वाढला की बोट उभी असताना डुलते. कोणी एका बाजूला सरकलं की ती कलते, मग थांबते. नवख्याला भीती वाटते, मात्र ही भीती बोट बुडण्याची खूण नाही. चांगल्या व्ही तळाची बोट थोडी कलून मग घट्ट उभी राहते.

या दोन टोकांच्या मधे बरंच काही आहे: पुढं व्ही आणि मागं जवळजवळ सपाट असलेला ‘मॉडिफाइड व्ही’, तीन नाकांचा ट्राय-हल, दोन नळकांड्यांवर तरंगणारा पाँटून, हवेच्या ट्यूबवाली रबरी बोट. समोर दोनच बोटी असतील तर त्यांची नावं विसरा आणि तळाखाली वाकून बघा. नाव काही असो, मागचा उतार खरं बोलतो.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. व्ही तळाचा फायदा वेगात आणि लाटेत मिळतो. ताशी ८–१० किलोमीटरनं, शांत पाण्यात, व्ही आणि सपाट यांच्यात पाठीला फारसा फरक कळत नाही. व्हीची किंमत मात्र रोज मोजावी लागते: जास्त वजन, जास्त खोली, मोठं इंजिन, जास्त पेट्रोल, उतरवायला जास्त माणसं. सपाट तळाचं उलटं. तो रोज स्वस्त पडतो आणि सगळी वसुली एकाच दुपारी करतो.

ती दुपार आम्ही बघितली, म्हणून सांगतो. एप्रिल होता. निर्णय व्हायचा होता आणि सपाट बोट ओळखीतून आठवडाभर वापरायला मिळाली होती. सकाळी पाणी आरशासारखं. पाच जण बसलो, म्हणजे एक जास्तच. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला. लाटा गुडघ्याएवढ्यासुद्धा नव्हत्या, पण आखूड आणि एकामागोमाग. समुद्राची लाट लांब असते, बोट चढते-उतरते. उथळ जलाशयातली वाऱ्याची लाट जवळजवळ, उभी. एका लाटेतून तोंड वर निघायच्या आत दुसरी येते. चौकोनी नाक प्रत्येक लाटेवर फाडकन आपटत होतं आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेचं पाणी आत. मी वेग कमी केला, सगळ्यांना मधे खाली बसवलं, आणि मेव्हण्यानं डब्यानं पाणी उपसलं. दोन किलोमीटरला पाऊण तास लागला. चूक बोटीची नव्हती, माझी होती: माणसं जास्त, वेळ चुकीची.

त्याच फुगवट्यात मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या मधे वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काळवंडलं की कुठलाही तळ असो, काठ गाठायचा. हा नियम बोट घ्यायच्या आधीच घरात सांगून ठेवा.

तिसरी पायरी: किती माणसं, किती वाजता, किती लांब

आपला खरा वापर लिहा. मनातला नव्हे, खरा. आमच्या घरी या प्रश्नावर पहिल्यांदा खरी माहिती बाहेर आली. मला हिवाळ्यात उजनीकाठच्या भिगवणला पक्षी बघायचे होते, पहाटे निघून दहा-साडेदहाला परत, फार तर तिघं. मेव्हण्याला दोन्ही कुटुंबं घेऊन पलीकडच्या काठाला जाऊन, जेवून, संध्याकाळी यायचं होतं. म्हणजे आम्ही एका बोटीवर भांडत नव्हतोच. दोन वेगळ्या दिवसांवर भांडत होतो.

माणसं किती बसतील याचा एक ठोकताळा आहे. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा, १५ नं भागा. १४ फूट लांब, ५ फूट रुंद: ७० भागिले १५, साडेचार-पावणेपाच, म्हणजे चार धरा. १६ बाय ६: ९६ भागिले १५, म्हणजे सहा. हा आकडा साध्या एकतळी बोटीसाठी, शांत पाण्यासाठी, आणि माणसी ७० किलोच्या आत वजन धरून आहे. आमच्या खानदानात ७० किलोत बसणारे दोघंच आहेत. बोटीवर बनवणाऱ्यानं क्षमतेची पाटी लावली असेल तर तीच खरी. जिथं पाटी आणि ठोकताळा जुळत नाहीत, तिथं लहान आकडा घ्या.

वेळेचं म्हणाल तर सोपं आहे. कायम सकाळी जाऊन दहाच्या आसपास परतणार असाल तर सपाट तळ पुरतो. दुपारी उघड्या पाण्यातून परत यावं लागणार असेल तर व्ही लागतो, निदान मध्यम. "एखाद्या वेळी" दुपार होईल असं म्हणत असाल तर ती होणार, हे धरून चाला.

उथळ पाण्याबद्दल एक सूचना. सपाट बोट १५ सेंटिमीटर पाण्यात तरंगते हे खरं, पण इंजिनाचा पाय तळाच्या खाली आणखी फूटभर तरी जातो. गाळात आधी तो रुततो. म्हणजे उथळपणाचा फायदा हवा तर इंजिन वर उचलून बांबूनं रेटत जायची तयारी हवी, भिगवण-कुंभारगावचे नावाडी जातात तसं. रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) जवळ तसंही मोटर घेऊन जायचं नसतंच. लांबूनच बंद करायची. व्ही तळाची २०० किलोच्या पुढची बोट बांबूनं रेटून बघा एकदा, नंतर दोन दिवस दंड बोलतील.

चौथी पायरी: उतरवणार कुठून?

या पायरीवर निम्म्या लोकांचं स्वप्न गाळात रुततं. परदेशी व्हिडिओत सिमेंटचा उतार असतो, गाडी मागं घेतली, बोट तरंगली, झालं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळ्या मातीचा काठ, आणि पाणी उतरेल तसा तो काठ लांब लांब जातो. जानेवारीत जिथं चाकं टेकतात तिथून एप्रिलमध्ये पाणी शंभर पावलं पुढं गेलेलं असतं, मधे चिखल.

१४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट, इंजिन काढून, चार माणसं उचलतात. इंजिन वेगळं दोघं नेतात. १६ फुटी फायबरची बोट इंजिन, बॅटरी, टाकी धरून ४०० किलोच्या आसपास जाते. तिला ट्रेलर, मागं दमदार गाडी आणि टणक काठ लागतो. ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते, हे ट्रेलर विकणारा विसरतो. आणि बोट ठेवणार कुठं? १६ फुटी बोट ट्रेलरसकट वीस फुटांच्या पुढं जाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती मावते का यापेक्षा सोसायटीच्या सभेत ती मावते का हा प्रश्न मोठा. आम्ही फाटकाची रुंदी आणि वळण फितीनं मोजलं, मग लक्षात आलं की वळणावरचा विजेचा खांब कोणी धरलाच नव्हता. शेवटी उजनीच्या काठालाच एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी भाड्यानं जागा घेतली. तिथं ठेवणार असाल तर बोट उलटी किंवा झाकून ठेवा, तळाचं बूच काढून ठेवा. एक वळीव झाला की आत हौद होतो.

पाचवी पायरी: तळाला शोभेल असं इंजिन

थोडक्यात सांगतो, कारण इथं विकणारे भरपूर बोलतात.

प्रत्येक बोटीला पाणी रेटत चालण्याचा एक वेग असतो. त्यापुढं तिला पाण्यावर चढून घसरावं लागतं, याला प्लेनिंग म्हणतात. पाण्यालगतच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, नॉट्समध्ये उत्तर येतं. १६ फुटांना ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापेक्षा जोरात जायचंच नसेल तर मोठ्या इंजिनाचे पैसे वाया. जायचं असेल तर सपाट तळ १५ अश्वशक्तीत दोन-तीन माणसांना घेऊन चढतो. तेवढ्याच लांबीच्या खोल व्हीला बरंच जास्त लागतं. आमच्या समोरच्या व्ही बोटीला ४० चं होतं.

पेट्रोलचा हिशोब: फोरस्ट्रोक इंजिन पूर्ण जोरावर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३८ लिटर पितं. १५ ला पावणेसहा लिटर, ४० ला पंधरा. टाकीचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक तसाच.

शिवाय आपण घाटावर आहोत. हवा विरळ, म्हणून दर ३०० मीटर उंचीला ताकद सुमारे ३ टक्के घटते. पुणे ५६० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कोकणात जोरात पळालेलं इंजिन इथं पाचेक टक्के कमी ताकद देतं. काठावर असलेली बोट, म्हणजे तिकडे कशीबशी प्लेनवर येणारी, इकडे भरल्या माणसांनिशी येतच नाही. एक इंच कमी पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढं सरकेल ते) लावला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दीडशे-दोनशेंनी वाढतात, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

ट्रान्समची उंची आणि इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे पायाची लांबी, जुळते का बघा: १५ इंची पाटीला आखूड शाफ्ट, २० इंचीला लांब. पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी तळाच्या रेषेत यायला हवी. लांब शाफ्ट बुटक्या पाटीवर लावला तर उथळ पाण्यात रडाल, उलटं केलं तर पंखा हवा खाईल. आणि कोकणातून आलेलं इंजिन असेल तर पायाला लावलेले जस्ताचे ठोकळे बदला. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचे लागतात.

सहावी पायरी: दुपारी चार वाजता चालवून बघा

विकणारा तुम्हाला सकाळी सातला बोलावेल. नम्रपणे नाही म्हणा. वारा असेल तेव्हा, आपली नेहमीची सगळी माणसं (किंवा तेवढ्या वजनाच्या सिमेंटच्या गोण्या) घेऊन, दोन्ही बोटी एकाच दिवशी, एकाच पाण्यात चालवा. वेगळ्या दिवशी चालवलेल्या बोटींची तुलना म्हणजे वेगळ्या पेपरातल्या मार्कांची तुलना. सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट, चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी.

आधी बोट थांबवा आणि लाटांना आडवी उभी करा. पाच मिनिटं काही करू नका. व्ही डुलेल, कोणाच्या पोटात कालवेल. सपाट बोट पाण्याबरोबर टकाटक हलेल. घरच्यांचे चेहरे बघा, पुढं वीकेंडला कोण येणार ते तिथंच ठरतं. मग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू वेग वाढवा आणि धक्के नकोसे कधी होतात तो वेग लिहून ठेवा. आमच्याकडे सपाट बोटीत तो ताशी १२ च्या आसपास आला, व्हीमध्ये २५ पर्यंत बिनतक्रार गेलो. आता पाठीवर वारा घेऊन चला. इथं सपाट बोटीचं तोंड पुढच्या लाटेत घुसू पाहतं आणि मागून ढकलणारी लाट तिला तिरकी करते, हाताला ते लगेच कळतं. वळणावर सपाट तळ बाहेरच्या बाजूला घसरतो, तेलाच्या फरशीवर चप्पल घसरते तसा. व्ही मात्र पाणी धरून वळतो.

शेवटी पूर्ण वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडा. मागं उठलेली लाट पाठोपाठ येऊन ट्रान्समवर आदळते. ती आत आली तर मागची पाटी बुटकी आहे किंवा मागं वजन जास्त आहे. मेव्हण्याच्या लाडक्या व्हीमध्ये बॅटरी, टाकी आणि दोन मामा मागंच बसले होते, पाणी थेट मामांच्या बुटात. टाकी पुढं सरकवल्यावर पुन्हा केलं, तेव्हा कोरडं राहिलं.

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत राहते, तिच्यावर नजर असू द्या. ती थांबली म्हणजे थंड करणारं पाणी थांबलं: गाळ, पिशवी किंवा जलपर्णी अडकली. लगेच बंद करायचं.

सातवी पायरी: जुनी असेल तर

फायबरच्या बोटीला रुपयाच्या नाण्यानं सगळीकडे ठोकत जा. टणटण आवाज चांगला. भद्द आला तिथं थर सुटलेत किंवा आतलं लाकूड ओलं आहे. इंजिनाचा पाय धरून वर-खाली रेटा आणि ट्रान्सम हलतो का बघा. हलला तर सौदा तिथंच सोडा, कारण कुजलेली मागची पाटी बदलणं म्हणजे अर्धी बोट नव्यानं बांधणं. आतल्या फळीवर उड्या मारा, ती दबते का बघा. मग ट्रेलरसकट बोट रस्त्यावरच्या वजनकाट्यावर घाला, नंतर रिकामा ट्रेलर. कंपनीनं सांगितलेल्या वजनापेक्षा साठ-सत्तर किलो जास्त भरली तर आतल्या फोमनं पाणी प्यायलंय.

अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीची परीक्षा उलटी. ती विटांवर नीट टेकवून आत दोन-तीन इंच पाणी भरा आणि खाली झोपून बघा. कुठला रिव्हेट रडतोय ते स्वच्छ दिसतं. एखाद-दोन रिव्हेट पुन्हा बसवता येतात, रांगच्या रांग गळत असेल तर तळ दगडांवर खूप आपटलाय.

कागद: इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली यंत्रावर चालणाऱ्या नौकेला सर्वेक्षण आणि नोंदणी लागते, आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. हो, सागरी मंडळच, धरणासाठीसुद्धा. जुन्या मालकाच्या नावावर नोंदणी नसेल तर किमतीवर घासाघीस करू नका, आधी कागद मागा. विमा विचारा. सामानात माणशी एक लाइफजॅकेट, पोहता न येणाऱ्यांसाठी १०० न्यूटन तरंगशक्तीचं, मुलांसाठी मुलांच्या मापाचं. शिवाय नांगर, तीस मीटर दोर, दोन वल्ही, उपसायला डबा, शिट्टी.

मग आम्ही काय घेतलं

दोन्ही नाही. चालवून बघितल्यावर दोघांचाही हट्ट सैल झाला. मेव्हण्याला कळलं की ४०० किलो चिखलातून ओढायला दर रविवारी सहा माणसं मिळणार नाहीत. मला कळलं की "मी सकाळीच जातो" हे वाक्य घरचे सोबत असले की टिकत नाही. शोधून १५ फुटी अ‍ॅल्युमिनियमची, पुढं चांगला व्ही आणि मागं ८–१० अंशांवर येणारी बोट घेतली, २० चं इंजिन. लाटेत ती १६ फुटीसारखी नाही आणि गाळात १४ फुटीसारखी नाही. तिघं-चौघं, उघड्या पाण्यात वारा सुटला तर ताशी १५ नं परत.

तुमचं पाणी उथळ, जाणारे दोघं आणि वेळ पहाटेची असेल तर मी आजही सपाटच घ्या म्हणेन, आणि उरलेल्या पैशांत चांगलं इंजिन. कुटुंब, लांबचा काठ आणि टणक उतार असेल तर मध्यम व्ही. खोल व्ही मी पुण्यातल्या नवख्याला सुचवणार नाही. तो अलिबागकडच्या समुद्रासाठी आहे, इथं त्याचं फक्त पेट्रोल दिसतं.

आणि पैसे देण्याआधी एक काम विकणाऱ्याला करू देऊ नका. चालवून झाल्यावर बोट पाण्यातून बाहेर तुम्हीच काढा, तुमच्याच माणसांनी, संध्याकाळी, सगळे दमलेले असताना. आम्ही १६ फुटी काढायला लागलो तेव्हा ट्रेलरचं डावं चाक रुतलं, दोरी दोनदा निसटली, आणि शेवटी वस्तीवरून ट्रॅक्टर आणावा लागला. ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधता बांधता मेव्हण्याला विचारलं, "दर आठवड्याला यायचंय का दाजी? मग नंबर घेऊन ठेवा."